तेरणेच्या काठी चार दिवस

शहरात राहून लेखनवाचन करणाऱ्या मनुष्याच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते : "एकदा चार दिवस खेड्यावर जाऊन निवांत बसले पाहिजे, म्हणजे हातून काही लिहून होईल." आमच्या घरात हे वाक्य पुष्कळ वर्षांपासून बोलले जात आहे आणि ते बोलणारांत प्रस्तुत लेखक नेहमी अग्रभागी असतो. ह्या वाक्याच्या पोटी जे गृहीत धरलेले असते ते असे की, शांती ही खेड्यात रानफुलासारखी आपोआप उगवते व शहरवासीयाने तेथे जाऊन ती खुडून आणावयाची, एवढेच काय ते काम. हे गृहीत कितपत टिकते, हे पाहण्याचा योग गेल्या मार्गशीर्षात आला. त्यातील विचार घरोघरच्या वाचकांस उपयोगी पडण्यासारखा आहे असे वाटल्यावरून तो येथे मांडीत आहे.

आपल्या वाङ्मयपरंपरेपुरते पाहिले तरी ह्या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. आदिकवी वाल्मीकी तमसेच्या तीरी स्नानास गेले, तेव्हा पाणी निर्मळ होते, वन शांत होते, बरोबर भरद्वाजासारखा विनीत शिष्य होता. परंतु श्लोक उमटावयास ह्यातील एकही गोष्ट पुरी पडली नाही. व्याधाच्या बाणाने क्रौंचयुगुलातील एक पक्षी पडला, दुसऱ्याने आक्रोश मांडला आणि त्या शोकाने छंदाचे रूप घेतले, असे रामायणच सांगते. कालिदासाचा यक्ष रामगिरीवर गेला तोही हवापालटासाठी नव्हे. स्वामीच्या सेवेत कसूर झाली म्हणून एक वर्षाची शिक्षा भोगावयास गेला. हा रामगिरी म्हणजे आपल्या विदर्भातील रामटेक, असे पुष्कळ विद्वान मानतात. तात्पर्य, नदीकाठ, डोंगर आणि एकान्त ही कवीची आसने झाली खरी. पण त्या आसनावरून जे बोलले ते कोणाचे तरी दुःख, कोणाचे तरी श्रम किंवा कोणाचे तरी प्रेम होते. एवढे ध्यानात ठेवून वाचकांनी माझ्याबरोबर धाराशिव जिल्ह्यात यावे.

निजामाच्या राज्यात असताना सातवे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्या नावावरून उस्मानाबाद म्हणविला गेलेला हा जिल्हा २०२३ पासून पुनः आपल्या जुन्या धाराशिव ह्या नावाने ओळखला जातो. १९८२ मध्ये त्यातून लातूर जिल्हा वेगळा निघाला. बालाघाटाची रांग ह्या जिल्ह्यातून गेलेली असून ती उंचीने फार मोठी नसली तरी तिचे एक कार्य मोठे आहे. तिच्या एका उतारावर पडलेले पाणी तेरणा आणि मांजरा ह्यांच्या वाटेने गोदावरीस मिळते. दुसऱ्या उतारावरचे पाणी सीना आणि बोरी ह्यांच्या वाटेने भीमेस व पुढे कृष्णेस मिळते. एकाच ढगातून पडलेल्या दोन थेंबांपैकी एक राजमहेंद्रीकडे आणि दुसरा विजयवाड्याकडे जातो. एकाच घरातील दोन भावांचेही पुष्कळदा असेच होते, हे प्रौढ वाचकांस सांगावयास नको.

जमीन कोठे काळी कसदार, कोठे मुरमाड. पाऊस मात्र कोठेच भरवशाचा नाही. १९७२ चा दुष्काळ येथील वृद्ध मंडळी अद्याप कालच्यासारखा सांगतात. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते तर सर्वांच्या डोळ्यांसमोरचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतीचे विसर्जन करून लोक निजलेले असताना, किल्लारी आणि सास्तूर ह्यांच्या भोवतालची गावेच्या गावे भूकंपाने दगडामातीच्या ढिगांत मिळाली आणि दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. अशा मुलखात शांती शोधावयास जाणे, हेच कित्येकांस विपरीत वाटेल.

माझ्या जाण्याचे प्रयोजन दुहेरी होते. तेर येथील संत गोरोबाकाकांवर लहान मुलांसाठी एक पुस्तिका लिहावयास मी घेतली होती. दोन वर्षे झाली तरी ती पहिल्या प्रकरणाच्या पुढे सरकेना. शहरातील घरी लिहावयास बसले की रस्त्यावरील वाहनांचे कर्णे आणि घरातील दूरदर्शन ह्यांच्या कात्रीत वाक्य सापडत असे. दुसरे प्रयोजन अधिक गंभीर होते. तेरपासून दोन कोसांवर आमचे मूळ खेडे आहे. तेथील आठ एकर जमीन माझे धाकटे बंधू आणि भावजय ही उभयता पाहतात. बंधूंचे पत्र आले होते : "दादा, मुले पुण्यास स्थिरावली. माझेही वय झाले. जमीन काढून टाकावी असा विचार पक्का होत आहे. तुमची संमती पाहिजे. वेळ अमावस्येस या, म्हणजे शेतावरच बोलू." पत्र वाचून माझी दोन्ही मुले अस्वस्थ झाली. "काका असे कसे करतात? मग हुरड्याला जायचे कोठे?" असे धाकटा म्हणाला. ह्या प्रश्नातच सर्व गोष्टीचे बीज होते, हे पुढे कळून आले.

सोलापुराहून तुळजापूरची सरळ वाट न धरता मी आधी नळदुर्गास गेलो. बोरी नदीच्या वळणावर हा विस्तीर्ण किल्ला आहे आणि त्यातील पाणीमहाल ही केवळ दक्षिणेतच नव्हे, तर कोठेही क्वचित आढळणारी वस्तू आहे. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा ह्याच्या काळी, १६१३ मध्ये, बोरीवर जे दगडी धरण बांधले गेले त्याच्या पोटातच दालन काढलेले आहे. पावसाळ्यात धरण भरून सांडू लागले म्हणजे नर आणि मादी अशी नावे पडलेले पाण्याचे दोन लोट खाली कोसळतात आणि आतील दालनात बसलेला मनुष्य कोरडाच राहून खिडकीतून पुढे पडणारे पाणी पाहू शकतो. हा सुलतान स्वतः गायनवेत्ता व कवी होता. दखनी भाषेतील त्याच्या 'किताब-ए-नवरस' ह्या गीतसंग्रहात सरस्वतीचे स्तवन आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांस कौतुकाची वाटेल. निसर्गाच्या सान्निध्यात प्रतिभेस जाग यावी म्हणून राजाने केलेली योजना म्हणून हा महाल पाहिला तर त्याच्या रसिकतेस नमस्कार करावासा वाटतो. परंतु त्या थंड दालनात उभे राहिले असता हेही मनात येते की, एका मनुष्याने पाण्याचा नाद निवांत ऐकावा म्हणून हे दगड कित्येक शेकडो मनुष्यांनी वाहिले असतील. मार्गशीर्षात लोट बंद होते. भिंतीवर फक्त ओलसर शेवाळाचा पट्टा राहिला होता.

नळदुर्गाशी आणखी एका लेखकाचे नाव जोडलेले आहे. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा मेडोज टेलर ह्या अधिकाऱ्याची येथे नेमणूक झाली. लिव्हरपूल येथे १८०८ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ पोरवयातच हिंदुस्थानात आला आणि त्याचे सारे आयुष्य दख्खनमध्ये गेले. नळदुर्गास त्याने रस्ते केले, तलावांकडे लक्ष पुरविले, जमिनीची मोजणी चालविली. कुळांच्या तक्रारी ऐकता ऐकता त्याचे दिवस मावळत. पुढे १८६० मध्ये तो मायदेशी परतला, हा मुलूखही त्याच वर्षी पुनः निजामाकडे गेला आणि १८६३ मध्ये त्याची 'तारा' ही कादंबरी बाहेर पडली. तिच्यातील कथानक शिवकालातील असून तुळजापूर आणि नळदुर्ग ह्यांचा परिसर तिच्यात आहे. परकीय राजसत्तेचा चाकर म्हणून त्याच्याविषयी ज्याला जे वाटावयाचे ते वाटो. येथे मुद्दा एवढाच की, हा मनुष्य येथे कादंबरी सुचावी म्हणून आला नव्हता. काम करीत असता माणसे, वाटा, पिके आणि देवळे त्याच्या मनात साठत गेली व दूर देशी गेल्यावर ती अक्षररूप झाली. प्रतिभेचे बियाणे पेरणे आणि पीक निघणे ह्यांत कधी कधी दहा वर्षांचे अंतर पडते.

तुळजापुरास श्रीभवानीचे दर्शन घेऊन व धाराशिवास रात्र काढून दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेरला पोहोचलो. तेर आज एक मोठे खेडे आहे. परंतु हेच ते प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' ह्या प्रवासग्रंथात पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेले मोठे नगर म्हणून तगराचा उल्लेख आहे. येथील जाडेभरडे आणि तलम कापड गाड्यांत घालून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरास जात असे. तगर म्हणजेच तेर, हे जॉन फ्लीट ह्या पंडिताने १९०१ मध्ये सप्रमाण मांडले. रामलिंगप्पा लामतुरे ह्या तेरच्याच गृहस्थांनी शेतांत, पांढरीत आणि नदीच्या दरडींत सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जमविल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज येथे उभे आहे. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहावयास लांबून अभ्यासक येतात. कारण तिच्याशी पुष्कळ साम्य असलेली दुसरी मूर्ती इटलीतील पाँपेई येथे, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या नगरात, सापडली. तेरच्या एका कारागिराचा हात आणि रोमन गृहस्थाचे घर ह्यांमध्ये बैलगाडी, गलबत आणि समुद्र एवढाच काय तो दुरावा होता.

त्रिविक्रमाचे देऊळ हे गावातील दुसरे नवल. गजपृष्ठाकार छपराचे हे विटांचे बांधकाम मुळात बौद्धांचे चैत्यगृह असावे व मागाहून ते वैष्णव मंदिर झाले, असे जाणते लोक मानतात. येथील जुन्या विटा इतक्या सच्छिद्र व हलक्या आहेत की, त्या पाण्यावर तरंगतात. मातीत धान्याचा कोंडा मिसळून वीट भाजली म्हणजे कोंडा जळून जातो आणि त्याच्या जागी पोकळी राहते, हे त्यातले रहस्य. मला ही वीट मोठी बोधप्रद वाटली. जे जळून गेले त्याच्या रिकाम्या जागेनेच तिला तारले आहे.

गोरोबाकाकांची समाधी तेरणेच्या काठी आहे. परंपरेप्रमाणे त्यांचा काळ शके ११८९ ते १२३९ असा सांगतात आणि चैत्र वद्यात येथे मोठी यात्रा भरते. ज्ञानदेवनामदेवांच्या मेळ्यात ते वयाने वडील, म्हणून सर्वांचे 'काका'. नामस्मरणाच्या भरात माती तुडवीत असता त्यांचे तान्हे मूल पायांखाली सापडले, ही हृदय पिळवटणारी कथा, तसेच संतांच्या मस्तकांवर थापटणे मारून कोणते मडके कच्चे व कोणते पक्के हे त्यांनी पारखले, ही विनोदी वाटणारी पण मार्मिक कथा महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. समाधीपुढे बसलो असता एक गोष्ट ध्यानात आली, ती येथे नमूद करतो. ह्या दोन्ही कथांत काका कामावर आहेत किंवा कामाचे हत्यार त्यांच्या हाती आहे. एकान्तात डोळे मिटून बसलेले गोरोबा परंपरेने आपल्याला दिलेच नाहीत. पाय चिखलात, हात चाकावर आणि वाणी विठ्ठलापाशी, असेच त्यांचे चित्र लोकांनी सातशे वर्षे जपले आहे.

आमच्या खेड्यात कुंभाराचे एक घर अद्याप चालते आहे. त्या संध्याकाळी मी मुद्दाम तेथे जाऊन बसलो. माती चाळणे, तीत राख आणि लीद मिसळणे, पाण्याने भिजवून पायांनी तुडविणे, खडा लागेल तो वेचणे, मग चाकावर गोळा चढविणे, ओल्या मडक्यास आतून गोटा लावून बाहेरून थापटण्याने ठोकणे, सावलीत वाळविणे आणि शेवटी आवा रचून भाजणे, इतका हा व्याप. त्या घरची वृद्धा म्हणाली, "मास्तर, चाक फिरतंय तोवर डोस्कं गप असतं. चाक थांबलं की समद्या काळज्या येतात बघा." पुस्तिकेचे पहिले प्रकरण का अडले होते, त्याचा थोडा उलगडा ह्या बाईच्या बोलण्याने झाला, परंतु त्या रात्री कागद पुढे घेऊन बसलो, तरी एक ओळ उतरली नाही. बाहेर निःशब्द शांतता होती. वाहनांचे कर्णे नव्हते, दूरदर्शन नव्हते. त्या शांततेत मला फक्त जमिनीचे पत्र ऐकू येत होते.

दुसरे दिवशी वेळ अमावस्या होती. मार्गशीर्षातील ह्या अमावस्येचे माहात्म्य पुण्यामुंबईकडील वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. धाराशिव, लातूर आणि सोलापूरचा काही भाग, तसेच लगतचा कर्नाटकाचा मुलूख, एवढ्या टापूत हा सण दिवाळीच्या तोडीने पाळतात. त्या दिवशी गावात आणि शहरांतही बाजारपेठ ओस पडते. कारण लहानथोर सगळे शेतावर गेलेले असतात. ज्याला शेत नाही त्याला शेजाऱ्याचे आमंत्रण असते आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी मनुष्यासही हाक मारून पानावर बसवितात. शेतात ज्वारीच्या कडब्याची कोप करतात. तीत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून त्यांची व लक्ष्मीची पूजा होते. तुरीचे, हरभऱ्याचे, पावट्याचे, वाटाण्याचे ओले दाणे एकत्र शिजवून केलेली भज्जी, ज्वारीबाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातील ताकाची आंबील हा नैवेद्य. तळणीच्या भज्यांशी ह्या भज्जीचा काही संबंध नाही. पूजेनंतर आंबील पिकांवर शिंपडीत शेताभोवती फिरतात.

आमच्या शेतात ज्वारी पोटऱ्यांत होती. तूर शेंगांनी लवली होती, हरभऱ्यास घाटे धरले होते आणि बांधाने करडईचे काटेरी पट्टे उभे होते. भावजय पहाटे तीनपासून चुलीपाशी होती. पंगतीस तीस माणसे झाली, त्यांत घरची आम्ही तिघेच. पुण्याची मुले कामामुळे येऊ शकली नव्हती. पान मांडलेल्या प्रत्येक मनुष्याने त्या शेताकडे पाहून "किती निवांत वाटते येथे!" असे म्हटले. सूर्य कलल्यावर धाटांचा पेटता हेंडगा घेऊन पिकाभोवती फेरी झाली, मंडळी आपापल्या वाटेने गेली आणि अंधारात कोपीपुढे आम्ही दोघे भाऊ उरलो.

तेव्हा बंधू बोलले. आवाजात कडवटपणा नव्हता. "दादा, तुम्ही येता तेव्हा शेत नेहमी हिरवे असते. मार्गशीर्षात सगळ्यांचीच शेते देखणी दिसतात. ज्येष्ठात पेरणी करून ठेवावी आणि तीन तीन आठवडे आभाळाने तोंड दाखवू नये, तेव्हा एकदा राहावयास या. सोयाबीन काढून झाकून ठेवावे आणि रात्रीतून पाऊस यावा, तेव्हा या. मुलांना वाटते, काकांनी जमीन ठेवावी, म्हणजे हुरड्याला जागा राहील. माझ्या मुलांनाही तेच वाटते. सगळ्यांची शांती ह्या शेतात आहे, हे खरे. पण त्या शांतीला पाणी आम्ही दोघे घालतो, आणि आमची कंबर आता वाकत नाही."

ह्यावर मी काही उत्तर दिले नाही. उत्तर देण्याजोगे त्यात काही नव्हते. थोड्या वेळाने मी इतकेच विचारले, "आज पाण्याची पाळी केव्हाची?" शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. परवा पहाटे दोन वाजता मोटार सुरू करावयाची होती. "परवा दारे धरावयास मी येतो," असे मी म्हटले. बंधू हसले, पण नको म्हणाले नाहीत.

ज्यांना हा शब्द अपरिचित असेल त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीचे पाणी पाटाने शेतात आले म्हणजे एक सारा भरताच त्याचे तोंड मातीने बुजवून दुसऱ्याचे फोडावयाचे, ह्याला दारे धरणे म्हणतात. काम दिसावयास हलके. परंतु पौषाच्या तोंडावरील थंडीत गुडघाभर चिखलात उभे राहून ते चार तास करावयाचे, आणि एक क्षण लक्ष ढळले तर पाणी बांध फोडून भलतीकडे जावयाचे. साप, विंचू आणि रानडुकरे ह्यांचे भय वेगळेच. त्या पहाटे चंद्र केव्हाच मावळला होता. मृग नक्षत्र पश्चिमेकडे कलले होते आणि ईशान्येस सप्तर्षी वर आले होते. बंधूंनी हरभऱ्याच्या बाजूस मला उभे केले आणि आपण गव्हाकडे गेले. पहिल्या घटकेत हात बधिर झाले. दुसऱ्या घटकेत खोऱ्याची लय सापडली. नंतर केव्हातरी असे ध्यानात आले की, मन कशाचाही विचार करीत नाही. आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत, पाणी जसे न सांगता उताराने येते तसे, गोरोबाकाकांच्या कथेचे वाक्य येऊन उभे राहिले आहे. ते वाक्य माती तुडविणाऱ्या पायांना किती थंडी वाजत असेल, ह्याविषयीचे होते. घरी येऊन शेकोटीपाशी बसून मी ते लिहिले, आणि त्याच बैठकीत दुसरे प्रकरण अर्ध्यावर गेले.

ह्यावरून असा सिद्धान्त काढू नये की, खोरे हाती घेतले म्हणजे ग्रंथ निर्माण होतात. तसे असते तर माझे बंधू महाकवी झाले असते. चार तासांचे श्रम आणि चाळीस वर्षांचे श्रम ह्यांत महदंतर आहे. पहिल्याने मन हलके होते, दुसऱ्याने शरीर झिजते. परंतु शांती ही रिकामपणाची कन्या नसून गुंतलेल्या हातांची आहे, एवढे तरी तेरच्या कुंभारणीचे म्हणणे मला त्या पहाटे पटले. इब्राहिम आदिलशहाचा पाणीमहाल आणि गोरोबांचे चाक ही दोन्ही ह्याच जिल्ह्यात आहेत. एकात शांती बाहेरून आणविली आहे, दुसऱ्यात ती कामातून निघाली आहे. पाहुण्यास पहिली लवकर आवडते. घरच्या मनुष्यास निर्वाह दुसरीवरच करावा लागतो.

निघण्याच्या दिवशी संमतिपत्रावर मी सही केली आणि बंधूंस म्हटले, "विकणे किंवा ठेवणे, हा निर्णय तुझा आणि तुझ्या पत्नीचा. जो दारे धरतो त्याचाच तो अधिकार. विकलीस तर आमच्या घरातून कोणी तोंड वाकडे करणार नाही, ह्याचा हवाला मी देतो. ठेवलीस तर पाणी देण्याचा खर्च आणि एका गड्याचा पगार ह्यांत पुण्यामुंबईची चारही मुले वाटेकरी होतील. ती नाही म्हणाली, तर हुरडा बाजारातून विकत आणून खातील." माझ्या मुलांस मी हेच पत्राने कळविले. त्यांपैकी दोघांनी पहिल्याच आठवड्यात पैसे पाठविले, एकाने कळवितो म्हटले, एक अद्याप गप्प आहे. बंधूंनी तो कागद माजघरातील ट्रंकेत ठेवला. पुढील पावसाळा पाहून ठरवू, असे ते म्हणतात. कागद आज तेथेच आहे.

आता वाचकांस थोडी व्यावहारिक सूचना. ह्या मुलखात अवश्य जावे. पावसाळ्याच्या अखेरीस गेल्यास नळदुर्गचे लोट पाहावयास मिळण्याचा संभव अधिक. मार्गशीर्ष ते माघ हा काळ शेतांसाठी उत्तम. धाराशिव शहरालगतची प्राचीन लेणी, येडशीजवळील रामलिंगाचे देऊळ आणि त्याभोवतीचे अभयारण्य, परंड्याचा भुईकोट, जैनांचे सिद्धक्षेत्र कुंथलगिरी आणि तेथला पेढा, ह्यांपैकी प्रत्येक ठिकाणी एक दिवस सहज जातो. सुमारे अकराव्या शतकातील कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' ह्या अपभ्रंश काव्यात तेरापूरचे आणि लेण्यांचे वर्णन आहे. म्हणजे ह्या परिसराने हजार वर्षांपूर्वीही कवीस कथा पुरविली आहे. जानेवारी २०२० मध्ये त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ह्याच शहरात, फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. वसईच्या हिरवाईसाठी झगडलेल्या लेखकाने अवर्षणाच्या मुलखात अध्यक्षपद भूषवावे, हा योग औचित्याचा होता.

मात्र जाताना मुलांस बरोबर न्यावे आणि त्यांना केवळ ओट्यावर बसवून ठेवू नये. शेंगा तोडणे, पाणी शेंदणे, गोठा झाडणे, जे चालू असेल त्यात त्यांना हात घालू द्यावा. ज्या घरी उतरू त्या घरच्या बाईला निदान एक वेळ चुलीपासून उठवून आपण स्वयंपाक करावा. दूध, धान्य, भाजी घेऊन निघालो तर तिचा योग्य मोबदला द्यावा. नात्यातले आहे म्हणून फुकट मागू नये. लेखनाची वही अवश्य न्यावी. परंतु ती पहिल्या दिवशी उघडण्याची घाई करू नये. आणि शेतावर ज्यांचे भाऊबंद अद्याप राबत आहेत अशा कुटुंबांनी, पुढील हुरड्याचे आमंत्रण येण्याची वाट न पाहता, ज्येष्ठाच्या महिन्यात एकदा पत्र टाकून विचारावे, की पाऊस पडला काय, आणि नसेल तर आमच्याकडून काय पाहिजे.